आढ्यापर्यंत

१९ जून २००१, तळेघर

डोळे चुरचुरतायत. सातवीच्या निबंधाच्या वह्या घेऊन बसले आणि पलीकडे स्वयंपाकघरात लंकाबाईनं चूल पेटवली. ओली लाकडं. सगळा धूर मधल्या भिंतीवरून अलीकडे! मुली खोकतायत, मी खोकतेय, आणि निबंधाचा विषय काय — ‘माझे आवडते ठिकाण’.

तेजस्विनीनं लिहिलंय, ‘भीमाशंकरच्या जंगलात शेकरू झाडावर वर चढले.’ ‘वर’वर लाल रेघ. चढतं ते वरच! खाली कोण चढतं? पुढे ‘खाली उतरले’. रेघ. ‘पुन्हा परत आले’. रेघ. बोलावून सांगितलं, भाषेत एकही शब्द फुकट बसवून ठेवायचा नाही. तर म्हणते, "पण बाई, नुसतं चढलं म्हटलं की कमी वाटतंय."

कमी वाटतंय म्हणे! बारा वर्षांची पोर. हसू आलं, पण दाखवलं नाही.

२२ जून

ही भिंत म्हणजे आमच्या संस्थेचा नमुना आहे. वसतिगृहाची लांबलचक एकच कौलारू इमारत. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला बेचाळीस मुली झोपतात, आणि मध्ये ही दगडमातीची भिंत — पुरुषभर उंच. तिच्या वर आढ्यापर्यंत सगळं मोकळं. वासे इकडून तिकडे आरपार. ‘हवा खेळती राहावी म्हणून’, असं मागच्या अधीक्षिका सांगून गेल्या. हवा खेळते की नाही माहीत नाही, धूर मात्र मनसोक्त खेळतो.

धुराचं सोडा. धूर येतो त्या वाटेनं उद्या आगही येईल. पुण्याच्या शिबिरात अग्निशामक दलाचे एक साहेब आले होते. जेवणानंतरचं व्याख्यान, सगळ्या अधीक्षिका डुलक्या काढत होत्या. मी एकटी लिहून घेत होते. ते म्हणाले, "आगरोधक भिंत आग विझवत नाही, ताई. भिंत वेळ देते. पलीकडची माणसं बाहेर पडेपर्यंत उभी राहते, एवढंच तिचं काम." आणि मग म्हणाले, अर्धवट भिंत म्हणजे भिंतच नव्हे. आग वरून जाते. छपराला भिडलेली हवी, भोक नसलेली हवी, जमलं तर कौलांच्याही वर डोकं काढलेली हवी.

अकरा वर्षं झाली या संस्थेत. मंचरला बदली मागून थकले. निदान एक भिंत तरी देतील की नाही?

२८ जून

अर्ज लिहिला. मसुदा याच वहीच्या शेवटच्या पानावर केला. आधी चार ओळी झाल्या होत्या — धूर, खोकला, शिबिर, साहेब, सगळं रामायण. संस्थेत एवढं कोण वाचतंय? छाटलं. मुलींना सांगते तेच स्वतःला लावलं, फालतू शब्द खोडले. उरलं ते एकच वाक्य:

‘स्वयंपाकघर व मुलींची खोली यांमधील भिंत आढ्यापर्यंत काढावी, ही विनंती.’

लख्ख! सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहून दाखवावं असं.

५ जुलै

घोडेगावला संस्थेच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. चिमाजी कारकून चहा पीत होता. पोच मागितली तर म्हणाला, "बाई, इश्वास न्हाई व्हय आमच्यावर?" नाही! पण बोलले नाही. पोच दिलीच नाही.

२ ऑगस्ट

पाऊस. भिंतीला ओल. उत्तर नाही.

३० ऑगस्ट

पाऊस. उत्तर नाही. लंकाबाईनं खालच्या अंगाला पोपडे सुटले होते तिथं शेणमाती लिंपली. मी सांगितलं नव्हतं. म्हणाली, "भिंतीला बी अंग असतंय, बाई. उघडं ठिवू नाय."

२३ ऑक्टोबर

मंजूर!!

दोन ओळींचं पत्र. ‘आपल्या अर्जातील काम मंजूर असून दिवाळीच्या सुट्टीत करून घेण्यात येईल.’ दोनदा वाचलं. लंकाबाईला सांगितलं, मुलींना सांगितलं. तेजस्विनी म्हणाली, आता धूर कुठून येणार? म्हटलं, कुठूनच नाही! अकरा वर्षांत पहिल्यांदा या लोकांनी माझं काही ऐकलं. उगाच एवढी वर्षं त्यांच्या नावानं बोटं मोडली, असंही वाटलं.

१६ नोव्हेंबर, मंचर

दिवाळी. वहिनी सारखी विचारते, एकटीनं त्या डोंगरात दिवस कसे काढता हो? अगं, काढते. यंदा तर भिंत होतेय, असं सांगितलं. तिला वाटलं असेल, हिला वेड लागलं.

३ डिसेंबर, तळेघर

भिंत नाही.

उंच केली नाही, असं नव्हे. भिंतच नाही! दार उघडलं तर इकडच्या दारातून तिकडची चूल दिसते. मध्ये जमिनीवर सिमेंटचा ओला पट्टा, आणि वर भिंतीवर टेकलेली जुनी तुळई होती तीसुद्धा गायब.

गवंडी अंगणात हत्यारं धूत होता. सावळेराम नाव. पन्नाशीचा, कानाला कमी ऐकू येतं, तोंडाला मात्र काही कमी नाही. म्हटलं, हे काय केलं? तर म्हणतो, "काय म्हंजी? तुमी लिव्हल्यापरमाणं केलं की! चिमाजीभाऊनं कागूद वाचून दावला. लई झाक हॉल झालाय बगा."

मी लिहिल्याप्रमाणे! मी त्याला जे नाही ते बोलले. त्यानं थापी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "बाई, मला बी वाटलं व्हतं इचारावं. पर कागदाला काय इचारायचं?"

जुने दगड ट्रॅक्टरवर भरून ठेवले होते. आता कळलं! दगडांसाठी पाडली. लबाड मेला.

७ डिसेंबर

घोडेगाव. चिमाजी फाइल दाखवेना. सचिव म्हणाले, "तुमच्या मागणीप्रमाणेच काम झालंय, बाई. आता परत काय?" आणि हसले. माझ्या तोंडावर हसले! म्हटलं, मी भिंत मागितली होती. म्हणाले, "तुम्ही बायका एकदा काय ते ठरवा." यंदाची तरतूद संपली, आता पुढच्या वर्षी.

परत येताना जीपमध्ये रडले. शेजारच्या बाईनं गाडी लागते का विचारून लिंबू दिलं.

१२ डिसेंबर

गोणपाटाचा पडदा शिवून मध्ये टांगला. निदान मुलींना आडोसा.

लंकाबाई म्हणाली, "बाई, मी आन् माझा मालक मिळून कुडाचं भिताड घालतो. कारवी हाय रानात. आमच्या घराला कुडच हाय. दोन्ही अंगानी दोन-दोन बोटं शेणमाती लिंपली की इस्तू अडतोय. पार आढ्याला भिडवू. चार दिसाचं काम."

नको म्हटलं. आपण कुड घातला की संस्था म्हणणार, झालं की काम! मग पक्की भिंत जन्मात मिळायची नाही. मला हक्काची भिंत पाहिजे, उपकाराची नको. लंकाबाई म्हणाली, "तुमी शिकल्याल्या. तुमाला ठावं."

खोचकपणे नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

९ जानेवारी २००२

थंडी फार आहे. मुली अंथरुणं ओढत ओढत पडद्यापाशी नेतात, चुलीची ऊब लागते म्हणून. रोज हाकलते, रोज तिथंच सापडतात. तेजस्विनी तर पडद्याला पाठ लावूनच निजते. म्हटलं, भिंत नाही ती! म्हणाली, "म्हणूनच तर उबदार लागतंय, बाई."

संस्थेला तिसरं पत्र. उत्तर आलं, ‘वारंवार पत्रव्यवहार करू नये.’ वाक्य शुद्ध आहे. एकही शब्द जास्तीचा नाही.

२ फेब्रुवारी

चार दिवस वही उघडली नाही. आज लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

मंगळवारी सकाळी आठ. मुली अंगणात प्रार्थनेला उभ्या. एक्केचाळीस. तेजस्विनीला ताप होता म्हणून मीच म्हटलं, तू पडून राहा. मी म्हटलं. लंकाबाई हापशावर पाण्याला गेली होती. चुलीतलं लाकूड घसरलं, खाली वाळक्या काटक्यांचा भारा. काटक्यांवरून पडद्याला. गोणपाट! मी माझ्या हातानं शिवलेलं गोणपाट.

प्रार्थनेचं दुसरं कडवं चालू होतं. आधी धूर दिसला, मला वाटलं नेहमीचाच. कडवं संपेपर्यंत मी उभी राहिले. मग कौलं फुटायचा आवाज आला. मी धावले, हापशावरून हंडा टाकून लंकाबाई धावली. लंकाबाई आत शिरली, मी दारातच अडकले. डोळ्यांपुढे काही नाही, नुसता काळा धूर. तिनं पोरीला ओढून काढलं तेव्हा लंकाबाईचा पदर पेटलेला होता.

भिंत वेळ देते. किती लागला असता वेळ? पोरगी दारापासून वीस पावलांवर होती. एक कडवंभर वेळ पुरला असता.

तेजस्विनी पुण्याला आहे. पाठ आणि दोन्ही हात. डॉक्टर नीट बोलत नाहीत. लंकाबाईचा हात बांधलाय, ती दारात बसून असते. तिच्याकडे बघवत नाही. ती कुडाबद्दल एक अक्षर बोललेली नाही.

६ फेब्रुवारी

तेजस्विनी गेली.

११ फेब्रुवारी

तिच्या घरी जाऊन आले. तळेघरपासून दोन तास चालत. भाताची खाचरं, नाचणीची उतारावरची वावरं, सगळं कोरडं. आईनं दप्तर पुढे ठेवलं. वर निबंधाची वही. म्हणाली, "तुमच्या लाल रेघा दावायची आमाला. बाई लई बारीक बघत्यात म्हनायची."



१८ फेब्रुवारी

संस्थेचे सगळे एकदम जागे झाले! सचिव आले, अध्यक्ष आले, फोटो काढले. आता सगळ्यांच्या तोंडी एकच — आम्ही तर भिंत उंच करायला सांगितली होती, गवंड्यानं दगडाच्या लोभानं पाडली. डिसेंबरात हसत होता की हो तुम्ही! ‘तुमच्या मागणीप्रमाणेच’ म्हणाला होता की! पण आता तसं कुणी म्हणालंच नव्हतं. माझा अर्ज मागितला तर चिमाजी म्हणतो, फाइलला उंदीर लागले. बरोबर आमच्याच फाइलला!

सगळे चोर आहेत. पण एक खरं — पहार सावळेरामनंच चालवली. आणि दगडही त्यानंच नेले.

२१ फेब्रुवारी

पोलिसांत जबाब दिला. मी भिंत उंच करण्यासाठी अर्ज केला होता, गवंड्याने ती स्वतःच्या मनाने पाडली, दगड नेले, मी स्वतः पाहिले. हवालदार लिहीत होता. ‘भींत’ लिहिलं, दीर्घ. मी ऱ्हस्व करायला लावलं. ‘खाली पाडून टाकली’ लिहिलं होतं. ‘खाली’ काढायला लावलं. हवालदार म्हणाला, "बाई, तुमच्यासारखा साक्षीदार पायजे. लई नेमकं बोलता."

संध्याकाळी सावळेरामला धरून नेलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१७ जून

शाळा सुरू. नवी भिंत झाली! विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा, आढ्याला भिडवून वर दीड फूट कौलांच्या बाहेर काढलीय. वासे तोडून दोन वेगळी छपरं केली. स्वयंपाकघराचं दार बाहेरच्या अंगाला. पुण्याचे ते साहेब म्हणाले होते अगदी तशी. अध्यक्षांनी फीत कापली. भिंतीला फीत! पेढे वाटले. लंकाबाईनं पेढा घेतला नाही. मी घेतला आणि मुठीतच ठेवला, खोलीवर येऊन पाहिलं तर लगदा झालेला.

आत धूर अजिबात येत नाही. झोप येत नाही ती नाहीच.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मुलींनी गुलाब दिले. वह्या तपासणं सोडलंय मी, फक्त सही करते. मुख्याध्यापकांना अजून कळलेलं नाही.

१४ एप्रिल २००३

सावळेराम जामिनावर सुटला, असं नारायणगावच्या बाजारात कानावर आलं. त्याला कुणी कामावर घेत नाही. टोमॅटोच्या हंगामात खोकी उचलतो म्हणे. पन्नाशीत! उचल म्हणावं. त्या पोरीच्या आईला काय काय उचलावं लागतंय, ते बघितलंय मी.

१ जुलै २००४

समन्स आलं. आठ तारखेला घोडेगावला साक्ष.

४ जुलै

आज सावळेरामची बायको आली. सारजाबाई. भर पावसात, प्लास्टिकची खोळ घेऊन. ओसरीवर बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. मी चहा ठेवला नाही. नव्हताच ठेवायचा.

म्हणाली, "बाई, माजा मालक वाचत न्हाई. त्याला जे सांगत्यात ते करतो. सुटून आल्यापास्नं भिताडाकडं बघत बसतो आन् म्हंतो, सारजे, कागदात तसंच व्हतं गं. म्या इचारलं बी न्हाई. बाईंनी एवढं मोठं लिव्हलंय, आपुन काय इचारायचं!"

मी म्हटलं, दगड नेले ना त्यानं?

"नेलं की. संस्थेच्या हपिसाम्होरं कट्टा बांदलाय त्येचा. जाऊन बगा. त्याला मजुरी बी दिली न्हाई."

कट्टा मी पाहिलाय. त्याच्यावर बसून मी तिसऱ्या पत्राच्या उत्तराची वाट पाहिली होती.

जाताना म्हणाली, "तुमी शिकल्याल्या. तुमच्या एका शब्दावर हाय सगळं." तिची खोळ वाऱ्यानं उलटीच होत होती. लंकाबाईनं तिला अर्ध्या वाटेपर्यंत पोचवलं. मी नाही गेले.

६ जुलै

मी काही खोटं सांगितलेलं नाही. कट्टा झाला म्हणून काय झालं? भिंत पाडायला कोणी सांगितलं होतं त्याला? माझ्या अर्जात स्वच्छ लिहिलं होतं. एका वाक्यात.

सरकारी वकील म्हणतात, तारखा पाठ करून या, अर्ज कधी दिला, काम कधी झालं. सगळं या वहीत आहेच. उद्या मागची पानं काढून बघते.

७ जुलै

पानं काढली. अठ्ठावीस जून. वाक्य वाचलं. मी लिहिलंय म्हणून मला कळत होतं. आज सावळेरामच्या कानांनी वाचलं.

भिंत काढावी.

मग शेवटचं पान उघडलं. मसुदा तिथंच आहे. ‘…आढ्यापर्यंत वर काढावी.’ आणि ‘वर’वर लाल रेघ. सरळ, पट्टीनं मारल्यासारखी. माझीच.

नुसतं काढावी म्हटलं की कमी वाटतं, बाई.

अर्ज उंदरांनी खाल्ला. हे पान तेवढं राहिलंय. चुलीत घातलं तर कुणाला कळणार नाही. लंकाबाईनं चूल पेटवलीय, भिंतीपलीकडे. धूर येत नाही.

वही पिशवीत घातली. सकाळी सातची एसटी, घोडेगावची.